आगमनकाळात आशा धरायची ती कशी? छोट्या मंडळ्यांसाठी आणि एकट्या घरांसाठी

नोव्हेंबर सरत आला की नळदुर्ग-तुळजापूर-उमरगा या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांतून तेच ते प्रश्न पुन्हा ऐकू येतात. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात, मग अ‍ॅडव्हेंट पाळायचा कसा? सोयाबीन पाण्यात गेलं, चांदणी कशाच्या जिवावर लावायची? सासरे जाऊन चार महिने झाले, नाताळ करावा की करू नये? पोरगं पुण्यात कंत्राटी कामावर, कधी घरी बसवतील त्याचा नेम नाही. त्याला ‘आशा सोडू नको’ म्हणायचं, तर नेमकं काय सांगायचं?

सोलापूर, लातूर, अहिल्यानगर अशा ठिकाणी मोठी चर्चेस आहेत, गायनवृंद आहेत, चार रविवारांच्या उपासना आधीच ठरलेल्या असतात. आपल्याकडे कुटुंबं थोडी, तीही पांगलेली. बरंचसं घरच्या घरीच करावं लागतं. म्हणून हा लेख घरात काय करता येईल, याबद्दल आहे.

आधी तारखा

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांमधले दिवस. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानच येतो, त्यामुळे हा काळ कमीत कमी २२ आणि जास्तीत जास्त २८ दिवसांचा असतो. २०२६ साली हे रविवार २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबरला आहेत.

रोमन कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि मेथडिस्ट मंडळ्या हा काळ पाळतात. पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्यांपैकी बऱ्याच पाळत नाहीत. पवित्र शास्त्रात तशी आज्ञा नाही, तेव्हा न पाळणाऱ्यांना कमी लेखू नका आणि पाळणाऱ्यांनी संकोचही करू नये. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. हा काळ दोन आगमनांचा आहे. एक बेथलेहेमात होऊन गेलं, दुसरं व्हायचं आहे. पहिल्या रविवारचे शास्त्रपाठ दुसऱ्या आगमनाचे असतात. गव्हाणीची वाट बघत बसलेल्या मुलांना ते ऐकून नवल वाटतं. भविष्याबद्दलच्या आशेचा प्रश्न याच काळात निघतो, याचं कारण तेच.

आशा म्हणजे अंदाज नव्हे

‘आशा धरा’ याचा अर्थ बरेच जण ‘सगळं ठीक होईल असं माना’ असा घेतात. पुढच्या साली पाऊस बरा होईल, भाव मिळेल, पोरगं कायम होईल. तसं झालं तर आनंदच आहे, पण तो हवामानाचा आणि बाजाराचा अंदाज झाला. अंदाज चुकला की माणूस देवावर रुसतो किंवा स्वतःच्या विश्वासालाच नावं ठेवतो. ख्रिस्ती आशा कशी असते ते समजायला शास्त्रातला एक जमिनीचा व्यवहार पाहा. शेतकऱ्याच्या घरात तो लगेच समजतो.

यिर्मयाच्या पुस्तकाचा ३२वा अध्याय. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला आहे. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आला आहे, आणि तसं सांगितल्याबद्दलच राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवलं आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे, हक्क तुझा आहे. अनाथोथ शहराबाहेर, म्हणजे शेत शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात. अशी जमीन कोण घेईल? यिर्मया घेतो. १७ शेकेल रुपे तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही प्रती बारूखाकडे देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, कारण त्या पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे यांचे व्यवहार पुन्हा होतील, असं देवाचं वचन त्याला मिळालं होतं. ते वचन त्याने भाषणात वापरलं आणि थांबला असं नाही, त्याच्यावर रोख पैसे मोजले.

या व्यवहारातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, परिस्थिती वाईट आहे हे तो नाकारत नाही. दोन, पीक स्वतःला मिळेल अशी त्याला खात्री नाही, आणि ते त्याला मिळालंही नाही. तीन, तरीही आज जे करता येतं ते तो कागदोपत्री, नीट, साक्षीने करतो. शेत घेऊन झाल्यावर मात्र तो देवाला विचारतो की हे तू मला काय करायला लावलंस! म्हणजे शंका होतीच, फक्त शंका फिटेपर्यंत तो थांबला नाही.

आपल्या महाराष्ट्रात याच जातीचा व्यवहार पंडिता रमाबाईंनी केला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांसाठी कबूल केलेल्या मदतीवर. ती मुदत संपल्यावर काय, याचं उत्तर म्हणून त्यांनी मुदत सरण्याआधीच पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, आणि त्यांना ठेवायला जागा होती ती हीच. जमीन घेताना हा दुष्काळ त्यांना माहीत नव्हता. रमाबाईंचं चरित्र आपण भक्तीच्या अंगाने पुष्कळ सांगतो. त्यांचा जमाखर्च आणि विहिरी मुलांना सांगितल्या तर जास्त उपयोग होईल, असं माझं मत आहे.

तेव्हा या आगमनकाळात स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच: देवाने सांगितलेला उद्या खरा असेल, तर आज माझ्या हातून कुठलं एक काम व्हायला हवं? काम लहान असू द्या. पडक्या बांधाला दगड लावणं, मुलीचा थांबलेला परीक्षा-अर्ज भरणं, सहा वर्षं बोलणं बंद असलेल्या भावाकडे जाणं. ते कागदावर लिहा, खाली तारीख घाला, घरातल्या एकाला साक्षीला ठेवा.

चार आठवडे, घरच्या घरी

रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटं पुरतात. वाचणारा रोज बदला, ज्याला नीट वाचता येत नाही त्याने प्रार्थना करावी. सगळा क्रम जमलाच पाहिजे असं नाही.

*पहिला आठवडा: गाऱ्हाणं.* स्तोत्र १३ आणि विलापगीताचा ३रा अध्याय. या आठवड्यात देवाला खरं काय ते सांगायचं. आपल्याकडे प्रार्थना सुरू झाली की लगेच आभार येतात आणि दुःख तसंच आत राहतं. आपल्या भागाला या आठवड्याची गरज जास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आताच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर उद्ध्वस्त झालं, लातूर-उस्मानाबादच्या गावांतून हजारो माणसं गेली. त्या वर्षीचा आगमनकाळ २८ नोव्हेंबरला सुरू झाला, भूकंपाला दोन महिनेही पुरे झाले नव्हते. लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते. त्या रविवारी ‘आनंद करा’ यापेक्षा ‘हे प्रभू, कुठवर?’ हीच प्रार्थना खरी होती, आणि स्तोत्रकर्त्यांनी ती आपल्यासाठी आधीच करून ठेवली आहे. घरातल्या मोठ्यांना त्या दिवसांबद्दल विचारा. मुलांसमोर बोलू द्या.

*दुसरा आठवडा: हातपाय हलवणं.* लूक, ३रा अध्याय. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, आम्ही काय करावं? त्याची उत्तरं एखाद्या तलाठ्याइतकी सरळ आहेत. दोन अंगरखे असतील तर एक द्या, अन्न असेल तर वाटा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये, शिपायाने धाक दाखवून पैसे उकळू नयेत. कुणालाही तो धंदा सोडून रानात ये म्हणत नाही. ही यादी आपल्या घराला लावून पाहा: उधारीची वही, मजुराची थकलेली मजुरी, शेजाऱ्याच्या बांधाचा वाद. या आठवड्यात मंडळीतल्या शिकलेल्या मुलांना एक काम द्या. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनंतर मदतीसाठी पंचनामा, शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-केवायसी यांत किती म्हातारी माणसं अडकली, ते आपण पाहिलं. मोबाईल घेऊन दोन संध्याकाळ एखाद्याच्या ओसरीवर बसणं आणि ज्याचं अडलं असेल त्याचं काम पुरं करून देणं, मग तो कुठल्याही धर्माचा असो. सगळ्यांचे पासवर्ड मात्र एकाच पोराच्या मोबाईलवर ठेवू नका.

*तिसरा आठवडा: आनंद.* यशयाचा ३५वा अध्याय. ओसाड रानाला पाणी फुटण्याचं हे वर्णन आहे. बोरी नदीच्या खोऱ्यात त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, तेव्हा या आठवड्याबद्दल जास्त लिहीत नाही. गाणी म्हणा. ‘उपासना संगीत’ घरात असेल तर नारायण वामन टिळकांची पदं त्यात पुष्कळ आहेत, आणि ती आपल्याच अभंग-ओव्यांच्या चालीवर बसतात.

*चौथा आठवडा: मरीया आणि अलीशिबा.* लूक, १ला अध्याय पूर्ण. एक फार तरुण, एक फार म्हातारी, दोघींच्या पोटी अनपेक्षित मूल. तीन महिने एकीने दुसरीच्या घरी काढले. मरीयेच्या गीतात भुकेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हाताने परत जातात. गोड अंगाईगीत म्हणून ते वाचू नका. हे वाचन घरातल्या बायकांनीच करावं असं मी सुचवेन.

मेणबत्त्यांचं काय?

चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त लावायची. पुष्कळ ठिकाणी तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, मध्ये नाताळसाठी पांढरी. त्यासाठी विकतचं प्लास्टिकचं कडं आणण्याची गरज नाही. ही प्रथा जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये १८३९ साली योहान विखर्न नावाच्या पाळकाने सुरू केली, गरीब मुलांच्या वसतिगृहात. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं सारखी विचारत, म्हणून त्याने गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या लावल्या. आपल्याकडे अजून कुणाच्या तरी परड्यात बैलगाडीचं चाक पडलेलं सापडेल. नसेल तर थाळी, त्यात माती, कडुलिंबाचा डहाळा आणि चार मेणबत्त्या. रंग पांढरा असला तरी चालतो.

घरात दुःख झालं असेल तर

हा प्रश्न दरवर्षी सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच्यावरच मिळतात. एक जण म्हणतो, वर्षभर सण नाही. दुसरा म्हणतो, ख्रिस्ती माणसाने रडायचं नसतं, तो स्वर्गात गेला, चांदणी लावा. दोघांचंही ऐकायची सक्ती नाही. वर्षभर सण न करण्याचा नियम पवित्र शास्त्रात नाही, आणि लाजर जिवंत होणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. तुमच्यापुढे बरेच पर्याय आहेत:

- चांदणी लावायची नसेल तर लावू नका. कारण विचारलं तर ‘यंदा नाही’ एवढं पुरे.
- कॅरलवाल्यांना आधी निरोप द्या. नको असतील तर तसं सांगा. यायला हवे असतील तर ढोलकीशिवाय एकच गाणं म्हणायला सांगा, आणि गेलेल्या माणसाला आवडणारं कुठलं ते तुम्हीच कळवा.
- आपल्याकडे दुःखानंतरचा पहिला सण करायला पाहुणे येतात. चांगली चाल आहे, मोडू नका. पण त्यांना एकाच दिवशी बोलवा, नाहीतर घरातली बाई आठवडाभर चुलीपुढून हलत नाही आणि तिला रडायलाही सवड मिळत नाही.
- फराळ करायचा झाला तर एकच जिन्नस करा. करंज्या मंडळीतल्या दुसऱ्या घराने आणाव्यात.
- चौथ्या रविवारी किंवा २४ तारखेला दिवसाउजेडी कबरस्तानात जाऊन गवत काढा, लूकच्या २ऱ्या अध्यायातला शिमोन आणि हन्नाचा भाग वाचा. हन्ना लग्नानंतर सातच वर्षांत विधवा झाली होती आणि म्हातारी होईपर्यंत वाट बघत राहिली. विधवेला सणाच्या कामातून बाजूला ठेवण्याची सवय काही ख्रिस्ती घरांतही उरली आहे. ती या निमित्ताने बंद करा. पहिली मेणबत्ती तिनेच लावावी.

दुःख आणि आजार यांतला फरक मात्र ओळखा. माणूस आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, कुणात मिसळत नाही, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं बोलतो, कागदपत्रं आणि देणीघेणी अचानक आवरायला लागतो, तेव्हा ‘प्रार्थना वाढव’ हा सल्ला पुरेसा नाही. कर्जाने आणि नापिकीने किती घरं उजाडली हे मराठवाड्याला सांगायला नको. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन तुम्ही लावून द्या आणि शेजारी बसा. घरातलं कीटकनाशक कुलपात ठेवा किंवा दुसरीकडे हलवा. डॉक्टरांचं औषध सुरू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून ते बंद करू नका. अशा माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्याला, तो कितीही मोठा भाई असला तरी, घरात येऊ देऊ नका.

ऊसतोडीला गेलेल्यांसाठी

आपल्या भागातल्या कित्येक कुटुंबांचा आगमनकाळ फडात जातो. दिवाळीच्या आगेमागे गाडी भरून निघालेले लोक थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. रविवार तिथे नसतो. पहाटे तोडायला जायचं, वाहन आलं की रात्रीही मोळ्या भरायला उठायचं. गावातल्या मंडळीने नाताळची यादी करताना ही नावं गाळू नयेत.

- गावात राहिलेल्यांनी दर रविवारी तीन-चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवा: एक वाचन, एक गाणं, गावातली एक बातमी. लांब व्हिडिओ पाठवू नका, फडात रेंज नसते आणि नेटपॅक संपतं.
- कोपीत मेणबत्ती लावू नका. कोपी पाचटाची असते आणि आत मुलं झोपलेली असतात. मोबाईलची विजेरी लावा, देवाला चालते.
- आजीजवळ गावी ठेवलेल्या मुलांना चौथ्या रविवारी मंडळीने जेवायला बोलवा, आणि आईबापाशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या.
- पुढच्या हंगामाला निघण्याआधी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र करून घ्या. उचल किती घेतली, किती फिटली, याची स्वतःची वही ठेवा. मुकादमाची वही ही तुमची वही नव्हे.

फसगत कुठे होते

*तारीख सांगणारे.* ख्रिस्त अमुक दिवशी येणार, असे व्हिडिओ दरवर्षी फिरतात. २३ आणि २४ सप्टेंबर २०२५ या तारखा अशाच जगभर फिरल्या. त्याच दिवसांत परंडा तालुक्यात पुराने वेढलेल्या माणसांना बोटीने आणि हेलिकॉप्टरने काढलं जात होतं. तारखा आल्या आणि गेल्या. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हे मार्कच्या १३व्या अध्यायात स्वतः येशूचं म्हणणं आहे. तारीख सांगणारा त्याच्यापेक्षा जास्त जाणता असल्याचा दावा करतो, एवढंच लक्षात ठेवा. अशा भीतीने कुणी शेत विकायला किंवा मुलांची शाळा बंद करायला निघाला असेल, तर त्याला यिर्मयाची खरेदी वाचून दाखवा.

*पैसे घेऊन चमत्कार.* ‘बी पेरा’ म्हणून हजार मागायचे आणि दसपट मिळेल म्हणायचं, तेल विकायचं, आजार हमखास बरा करतो म्हणून फी घ्यायची. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवून पैसे मिळवणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं गुन्हा नाही. फरक पैशांत, फसवणुकीत आणि उपचार अडवण्यात आहे. मंडळीला दान द्याल तेव्हा पावती मागा. प्रामाणिक पाळकाला त्याचा राग येत नाही.

*हप्त्यावरचा नाताळ.* डिसेंबरात कपडे आणि केकसाठी मायक्रोफायनान्सचं नवं कर्ज उचलायचं आणि जानेवारीपासून दर आठवड्याला हप्त्याच्या मीटिंगला घाबरायचं, हे बंद करा. जुने कपडे धुऊन इस्त्री करून उपासनेला आलेल्याला कुणी हसत असेल तर लाज हसणाऱ्याची.

परवानग्या आणि हक्क

घरात किंवा चर्चमध्ये उपासना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या कलमाने दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. रस्त्यावरून कॅरल काढायचं आणि ध्वनिक्षेपक लावायचा म्हटलं की नियम येतात.

- २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सूट देता येते. २४ आणि २५ डिसेंबर त्या वर्षीच्या यादीत आहेत का, ते पोलीस ठाण्यात आधी विचारा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, तेही विचारून घ्या.
- अर्ज लेखी द्या: तारीख, वेळ, मार्ग, किती माणसं, जबाबदार दोघांची नावं आणि फोन. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी ‘करा, काही होत नाही’ यावर विसंबू नका.
- ज्यांनी बोलावलं त्यांच्याच दारी कॅरल न्या. यात भीतीपेक्षा शहाणपणाचा भाग जास्त आहे. कंदिलाभोवती उभं राहून पेटीवर म्हटलेलं गाणं शेजारच्यांनाही आवडतं, डीजे आवडत नाही.
- शांतपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३००खाली गुन्हा आहे. तसं झालं तर हमरीतुमरीवर येऊ नका, ११२ला फोन करा, वेळ आणि साक्षीदारांची नावं लिहून ठेवा.

आणखी काही शंका

*येळवसला शेजाऱ्यांच्या रानात जेवायला जावं का?* येळवस काही वर्षी ऐन आगमनकाळात येते. भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील शेजाऱ्याने मायेने वाढलं तर खा. पूजेत भाग घ्यायचा नसेल तर तसं आधीच नम्रपणे सांगा, आपल्याकडचे शेतकरी समजून घेतात. मन साशंक असेल तर पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ ते १० अध्याय वाचा. घरात मतभेद झाला तर न जाणाऱ्याने जाणाऱ्याला दोष देऊ नये, जाणाऱ्याने न जाणाऱ्याला हसू नये. आणि नाताळला त्यांनाही जेवायला बोलवा.

*पाळक नसताना नाताळची उपासना कोण घेणार?* मंडळीतला कुणीही प्रौढ सभासद वाचन, गायन आणि प्रार्थना चालवू शकतो. स्त्रियाही. प्रभुभोजन मात्र आपल्या मंडळीच्या नियमाप्रमाणे दीक्षित पाळकांच्या हातूनच होत असेल, तर ते येतील तेव्हा घ्या. २५ तारखेलाच झालं पाहिजे असं नाही. कॅथलिक कुटुंबांनी जवळच्या धर्मग्रामातल्या मिस्सेची वेळ पंधरा दिवस आधी विचारून घ्यावी आणि वाहन मिळून ठरवावं. २४च्या रात्री हायवेवरून दुचाकीवर तिघं-चौघं जाऊ नका.

*चांदणी कधी लावायची, कधी उतरवायची?* नियम नाही. काही घरं पहिल्या रविवारी लावतात, काही २४ला. उतरवतात ती बहुधा ६ जानेवारीच्या मागी लोकांच्या सणानंतर. कागदाची असेल तर नीट घडी घालून ठेवा, पुढच्या वर्षी चालते.